मामीच्या जागेवरची पोती

माझ्या मामाला तिरकं काही खपत नाही. कुणाच्याही घरी गेला की पाणी प्यायच्या आधी तो भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतो. एकदा दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडून पडलेला असताना त्याने बोटाने वरचा दिवा वाकडा असल्याचं दाखवलं. डॉक्टरांना वाटलं, वरची दाढ दाखवतोय. ती गेली.

अशा माणसाच्या नशिबी पिकअप आली ती डावीकडे ओढणारी. मी ज्या बेकरीत काम करते तिथे मामा अंडी पोचवतो. कोंबड्यांच्या शेडपासून डांबरी रस्त्यापर्यंत सहा किलोमीटर नुसते दगडधोंडे आणि खड्डे. तिथे चाकांची अलाइनमेंट टिकवणं म्हणजे रांगत्या पोराच्या डोक्यावर टोपी टिकवणं.

गॅरेजच्या यंत्रावर मामाचा विश्वास नाही. "यंत्राने आमचा रस्ता पाहिलाय का?" म्हणतो. त्यामुळे दर रविवारी अंगणातल्या फरशीवर गाडी उभी राहायची. दोन्ही बाजूंना सुतळी ताणायची, ओळंबा सोडायचा, पट्टीने चाकाची पुढची कड मोजायची, मग मागची. फरक दिसला की नट सैल करून चाकांना जोडणारा दांडा, म्हणजे टाय रॉड, अर्धा आटा फिरवायचा आणि पुन्हा मोजायचं. रविवारी गाडी रेघेसारखी सरळ. सोमवारी मामी शेजारी बसली की परत डावीकडे.

"अहो, गाडी चालवताय की कुस्ती खेळताय?" मामी विचारायची.

मामी रोज बरोबर जायची, कारण त्या वाटेवरचा खड्डा न् खड्डा तिला पाठ होता. "आला, आला, उजवीकडून घ्या. आता धोंडा. आता हळू, कोंबड्यांची मेहनत आहे मागे." तिच्यामुळे एका खेपेत दोनच्या वर अंडी फुटत नसत.

असं दोन वर्षं चाललं. मग एका रविवारी मामा एकटाच चक्कर मारून आला आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. सोमवारी बेकरीत येऊन त्याने आधी दार लावलं.

"गाडीत दोष नाही," तो कुजबुजला. "दोष कुणाचाच नाही. वजन आहे."

"कुणाचं?"

मामाने दार नीट लागलंय ना ते पाहिलं.

"मग मामीला सीटवर बसव आणि मोज की!"

"तुझं लग्न झालंय?"

"नाही."

"म्हणूनच."

शेवटी त्याने वाळू आणली. मामीच्या सीटवर आधी पन्नास किलोंची पोती ठेवली, आदर म्हणून. काही फरक नाही. साठ केले. पासष्टला त्याने मनातल्या मनात हात जोडले. बहात्तरला सुतळी, ओळंबा आणि पट्टी तिघांचं एकमत झालं. मामाने पोत्यांना सीटचा पट्टा लावला, विसरायला नको म्हणून वरच्या पोत्यावर खडूने ७२ लिहिलं आणि खुशीत चहा प्यायला आत गेला. तेवढ्यात मामी कपडे वाळत घालायला बाहेर आली.

"अहो, हे काय?"

"वाळू."

"वाळूला पट्टा?"

"पडू नये म्हणून."

"आणि हे बहात्तर?"

हजार थापा मारता आल्या असत्या. पण सरळपणाचा रोग! मामा म्हणाला, "तू."

मामीने हातातला ओला कपडा परत बादलीत टाकला आणि आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती गाडीत बसली नाही. "त्या पोत्यांनाच न्या," म्हणाली. "ती बोलतही नाहीत."

आता चाकं बहात्तर किलोंना लावलेली, त्यामुळे मोकळी गाडी उजवीकडे ओढू लागली. पोती न्यावीच लागली. तीन आठवडे मामा शेजारी पट्टा लावलेली वाळू घेऊन हिंडला. वाटेवरच्या पंक्चरवाल्याने तर दोघांनाही नमस्कार केला. पण पोती खड्डे सांगत नाहीत. ट्रे गळत यायला लागले. आमचे मालक म्हणाले, "आता सरळ फेटूनच पाठवा."

मामाचं तोंड एवढंसं झालं होतं. "घरात ती बोलत नाही, गाडीत पोती बोलत नाहीत," तो म्हणाला.

"अरे, मग मोकळ्या गाडीला लावून टाक ना चाकं. अर्ध्या तासाचं तर काम."

मामा माझ्याकडे बघतच राहिला. "तिची जागा रिकामी धरून? आणि उद्या ती आली तर?"

हे मी त्याच संध्याकाळी शब्दन् शब्द मामीला सांगितलं. ती घड्या घालत होती. एका टॉवेलची तिने तीनदा घडी घातली.

"बहात्तर नाही," ती म्हणाली. "एकोणसत्तर."

सकाळी तिने स्वतः पट्टा सोडला, पोती खाली ओढली आणि आपल्या जागेवर बसली. मला सुट्टी होती, पण घरी कुठली राहते! मी मागे हौद्यात, अंड्यांच्या ट्रेंना धरून. मधल्या काचेतून सगळं दिसत होतं.

मामी खरं बोलली होती. तीन किलो कमी पडत होते आणि गाडी किंचित उजवीकडे ओढत होती. मामाच्या मनगटाच्या शिरा ताणलेल्या मला मागूनही दिसल्या.

"आता ओढत नाही ना?" मामीने विचारलं.

"छे!" मामा म्हणाला. "अगदी सरळ आहे." आणि सहा किलोमीटर त्याने स्टिअरिंग डावीकडे दाबून धरलं.