पाय टेकतील अशी खुर्ची

बबनरावांनी एकतीस वर्षं एकच खुर्ची पुसली, पण तिच्यावर एकदाही बसले नाहीत. आता कुणी म्हणेल, त्यात काय एवढं? शिपाईच ते, साहेबाच्या खुर्चीत कशाला बसतील? अहो, बसतात. साहेब रजेवर गेला की दुपारच्याला पाच मिनिटं सगळेच टेकून घेतात. अंबरनाथच्या त्या कारखान्यात बबनरावांच्या जोडीचा जनू असाच बसला होता आणि नेमका साहेब आला. त्याने सगळ्या स्टाफसमोर जनूला ती खुर्ची साबण लावून धुवायला लावली. बबनरावांच्या नोकरीला तेव्हा चार महिने झाले होते. केबिनबाहेरच्या लोखंडी स्टुलावर बसून ते बघत राहिले. त्यानंतर त्या खुर्चीला त्यांनी फडक्याशिवाय हात लावला नाही.

मनात मात्र एक गाठ मारून ठेवली. मिलिंद तेव्हा दोन वर्षांचा होता. माझा पोरगा असल्याच खुर्चीत बसेल, आणि ती पुसायला मी असेन.

तशी गाठ खरी झाली म्हणायची. मिलिंद शिकला, विमा कंपनीत लागला, बदलापूरला हेंद्रेपाड्यात त्याने फ्लॅट घेतला, संध्यासारखी समजूतदार सून घरात आली. कंपनीने घरून काम करायला सांगितलं तेव्हा बाहेरच्या खोलीत टेबल आलं. तीन वर्षांपूर्वी तो मॅनेजर झाला. जेवणाच्या खुर्चीवर बसून कंबर धरायची, म्हणून त्याने मोबाइलवर एक खुर्ची बघून ठेवली होती. लहानशी, जाळीच्या पाठीची, बैठक पार खालपर्यंत येणारी.

बबनरावांनी चष्मा लावून फोटो बघितला.

"ही तर कारकुनाची. मॅनेजर ना तू? खुर्ची मी आणणार."

"बाबा, कंबरेला ही बरी पडेल."

"मला नको शिकवू. एकतीस वर्षं खुर्च्याच बघितल्यात मी."

बघितल्या होत्या, हे खरं. बसण्याचं काय, ते कोण विचारणार?

दुसऱ्या दिवशी ते उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेले. एकट्यानेच, इस्त्रीचा शर्ट घालून. दुकानदार कमलेश सिंधी माणूस, गिऱ्हाईकाची उंची डोळ्यांनीच मोजणारा. तो म्हणाला, "बाबा, जो बैठेगा उसको साथ लाना था. साब की हाइट कितनी है?"

"माझ्याएवढाच आहे. मुलगा आहे माझा."

"तो आप ही बैठके देखो ना."

बबनराव दोन पावलं मागे सरले. "मी नाही बसायचो. मी शिपाई माणूस."

कमलेश हसला. रिटायर होऊन सात वर्षं झाली होती, पण सुंभ जळाला तरी पीळ कुठे जातो? बबनरावांनी खुर्चीची गादी तळहाताने दाबली. खुर्ची गोल फिरवली. पाठ डोक्याच्याही वर जाते की नाही ते बघितलं. काळी, चकचकीत, हात ठेवायला जाड गाद्या. हुबेहूब साहेबाची. त्यांनी ती न बसता घेतली.

टेम्पोतून खुर्ची घरी आली. मिलिंद बसला. हा माणूस बापासारखाच बुटका, खुर्ची पार खाली केली तरी टाचा अधांतरी. तो काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात त्याने दाराकडे बघितलं. बबनराव दोन्ही हात पुढे बांधून उभे होते, साहेब केबिनमध्ये आल्यावर उभे राहायचे तसे, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"झकास आहे, बाबा," मिलिंद म्हणाला.

इथेच सगळं फसलं. बोलला असता तर बाप चार दिवस रुसला असता, एवढंच.

रोज सकाळी आठला बबनराव ती खुर्ची पुसायचे. आधी ओलं फडकं, मग कोरडं, मग चाकांतले केस काढणं. पहिल्याच आठवड्यात त्यांना पाठीशी चादरीची घडी सापडली आणि खाली एक पाट. त्यांनी दोन्ही उचलून कपाटात टाकलं. दुसऱ्या दिवशी परत तेच.

"संध्या, अगं साहेबाच्या खुर्चीत चादर बरी दिसते का? आणि पायाखाली पाट? जेवायला बसलाय का तो?"

संध्या बोलणार होती, पण मिलिंदने डोळ्यांनीच नको म्हटलं. हा लपंडाव आठ-दहा दिवस चालला. मग त्याने पाट आणणंच सोडलं.

पुढची तीन वर्षं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दिवसाचे नऊ-दहा तास पाय लोंबकळत. टेकवायला पुढे सरकावं तर पाठ मोकळी पडते, पाठ टेकवावी तर पाय सुटतात. कंबरेला मलम लागलं, पट्टा आला, डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या. बबनराव विचारायचे तेव्हा मिलिंद म्हणायचा, "होतं हो बाबा, वय झालं." चाळिशीच्या मुलाने सत्तरीच्या बापाला सांगायची ही गोष्ट, पण त्यांनी ऐकून घेतली.

या एप्रिलमध्ये एका सकाळी मिलिंदला उठताच येईना. मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेली होती. ऑपरेशन झालं. कंबरेची कळ गेली, पण डाव्या पावलाची जाणीवही गेली. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा नाही येणार, वाट बघू.

हॉस्पिटलमधून संध्याचा फोन आला. "बाबा, टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात विम्याची फाइल आहे, तेवढी घेऊन या."

बबनराव टेबलापाशी गेले. खण एकदम खाली. गुडघे वाकेनात. ओणवं होऊन बघितलं तर भोवळ आली. घरात कुणी नव्हतं, तरी त्यांनी एकदा दाराकडे बघितलं. मग खुर्ची ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यात बसले.

पाय जमिनीला टेकले नाहीत.

त्यांना वाटलं, आपलंच चुकतंय. ते मागे सरकले, तर गादीची कड पोटऱ्यांत रुतली. पुढे सरकले, तर पाठीमागे नुसती पोकळी. बाजूची दांडी ओढली, खुर्ची खाली जाईना. आणखी खाली जायला जागाच नव्हती. सत्तर वर्षांचा माणूस पाय हलवत बसून राहिला. मग त्यांना पाट आठवला. चादरीची घडी आठवली. कपाट आठवलं, आणि ते बंद करणारा आपला हात.

रडले हो बबनराव. बायको, चांगुणा, गेली तेव्हाही असे रडले नव्हते. फाइल त्या दिवशी उशिरा पोचली.

पंधरा दिवसांनी मिलिंद घरी आला. बबनरावांनी त्याच्यासमोर पाट आणून ठेवला.

"बोलला का नाहीस रे?"

मिलिंदने पाटाकडे बघितलं. "तुम्ही रोज पुसायचात ना, बाबा. गुणगुणत पुसायचात. मला ते आतून ऐकू यायचं."

"म्हणून पाय घालवलास?"

"एका खुर्चीने थोडंच होतं? डॉक्टरच म्हणाले, बऱ्याच गोष्टी असतात." तो खोटं बोलत नव्हता. पण बापाच्या काळजाला असली खरी गोष्ट काय कामाची?

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. पावलं पूर्ण टेकावीत. गुडघ्यामागे दोन बोटं जागा राहावी. कंबरेला आधार असावा. बबनरावांनी तो कागद पाठ केला, आणि मिलिंद काठी घेऊन चालायला लागल्यावर दोघं रिक्षाने कमलेशच्या दुकानात गेले.

"किसके लिए?" कमलेशने विचारलं.

"याच्यासाठी. कारकुनाची दाखवा," बबनराव म्हणाले.

जाळीच्या पाठीची लहानशी खुर्ची आली. मिलिंद काठी बाजूला ठेवून बसला. बबनराव भर दुकानात फरशीवर गुडघे टेकून बसले, ते गुडघे, जे त्या दिवशी वाकत नव्हते. त्यांनी गुडघ्यामागे दोन बोटं घालून बघितली. दांडी ओढून खुर्ची बोटभर खाली घेतली.

"बाबा, उठा. लोक बघतायत."

"बघू दे. उजवा टेकला?"

"टेकला."

"आणि डावा?"

मिलिंदने वाकून खाली बघितलं, पाऊल फरशीवर आहे याची डोळ्यांनी खात्री केली आणि मग म्हणाला, "टेकला, बाबा."

बबनरावांनी तो डावा पाय दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ धरून ठेवला. मिलिंद वर कमलेशला किंमत विचारत होता. पाय कुणी धरलाय हे त्याला कळलं नव्हतं.