देव्हाऱ्यातली माहितीपुस्तिका

मला टेक्निकल रायटरची नोकरी लागली तेव्हा अमरावतीत आमच्या शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "कोन्या ठाण्यात लागली वो?" पोलीस ठाण्यात फिर्याद लिहून घेणाऱ्याला रायटर म्हणतात, एवढंच त्यांना ठाऊक. पोरगी मशीनबद्दल लिहिणार आहे, असं आईनं जमेल तसं समजावलं. "मशीनबद्दल काय लिवायचं असते बाप्पा?" काकू म्हणाल्या. हा प्रश्न आईलाही पडला होता, आणि बाबांना तर पडलाच होता.

बाबा निवृत्त शिक्षक. मी मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी शोधत फिरले आणि रिकाम्या हातानं परत आले, तेव्हाच त्यांनी माझं बी.एड. ठरवून टाकलं होतं. मला वर्गासमोर उभं राहायचं नव्हतं. मला लिहायला आवडायचं आणि मशीन उघडून आत काय आहे ते पाहायला आवडायचं. या दोन्हीची मिळून एक नोकरी असते, हे अकोल्याच्या कारखान्याची जाहिरात वाचून कळलं. बाबांशी भांडून, रडून शेवटी तोडगा निघाला. संत्र्याचा एक हंगाम पाहायचा. कारखान्यानं कायम केलं तर ठीक, नाहीतर मुकाट्यानं बी.एड.चा फॉर्म भरायचा.

संत्र्याचा हंगाम अशासाठी, की कारखाना संत्री धुऊन, पुसून, आकाराप्रमाणे वेगळी करणारी मशीन बनवायचा. गिऱ्हाईक बहुतेक वरूडकडचं. मालकांना सगळे भाऊ म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला कामाचं कारण सांगितलं ते असं. कारखान्यात एक जुने मिस्त्री होते. हंगाम सुरू झाला की बारीकसारीक अडचणीसाठी प्रत्येक जण त्यांना फोन करायचा. दिवसभर फोन कानाला, आणि इकडे नवीन मशीनची जोडणी अडलेली.

"मिस्त्रीचे फोन कमी झाले पायजे," भाऊ म्हणाले. "पुस्तक असं लिव की लोक त्यालेच इचारतीन. झाले कमी तर तू पक्की. नाही झाले, तर मंग पाहू."

"मंग पाहू"चा अर्थ मला बरोबर कळला.

जुनी पुस्तिका भाऊंनी माझ्यापुढे टाकली. कुठल्यातरी परदेशी मशीनचा मजकूर कॉम्प्युटरकडून मराठीत करून घेतलेला. त्यात एक वाक्य होतं, "यंत्राला फळे प्रामाणिकपणे खायला घाला." मी खो खो हसले. भाऊ हसले नाहीत. "आजपर्यंत कोनी तक्रार केली नाही," ते म्हणाले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मिस्त्री बाळापूरचे. रोज मोटरसायकलनं यायचे, पांढरी दाढी, खिशात सुपारीची पुडी. मी त्यांना चाचा म्हणायचे, ते मला बेटा. वागायला इतके गोड की भांडायची सोय नाही. आणि माहितीच्या बाबतीत ताकास तूर लागू देतील तर शपथ.

"चाचा, पट्टा एका बाजूला सरकला तर काय करायचं?"

"कसायचा."

"किती?"

"थोडासा."

"थोडासा म्हणजे किती?"

"थोडासा म्हनजे जास्त नाही, बेटा."

मी वहीत "थोडासा" लिहिलं आणि पेन इतकं दाबलं की कागद फाटला. असे किती दिवस गेले. मी विचारायचे, ते "हाताले समजते" म्हणून उठून जायचे. एकदा चहा पिताना त्यांनी खरं सांगून टाकलं. "बेटा, सब लिख दिया तर मले कोन पुसन?" त्यांना विचारणारे लोक कमी करणं हेच तर माझं काम होतं. राग मात्र गेला नाही, कारण त्यांचा मान टिकला तर माझी नोकरी जात होती.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत बंद मशीनवर मी स्वतःच पाना घेऊन बसले. बोट चेमटलं, नख काळं पडलं, पण पट्टा कसा सरकतो आणि कशानं जागेवर येतो ते समजलं. जिकडे सरकतो तिकडचा बोल्ट अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, फिरवायचा, मशीन रिकामी चालवून पाहायची, मग पुन्हा अर्धा. थोडासा म्हणजे अर्धा आटा! एवढं सांगायला त्या माणसाच्या जिवावर आलं होतं.

एमआयडीसीच्या जवळ एका खोलीत राहून मी ती पुस्तिका लिहिली. अकोल्याच्या उकाड्यात दुपारी कॉम्प्युटरची बटणं सुद्धा गरम लागायची. एकेक वाक्य तीन-तीनदा घासलं. प्रत्येक पायरीला चित्र काढलं. पट्टा सरकण्याची अडचण सगळ्यात जास्त येते म्हणून तिला अख्खं पान दिलं, पान नऊ. भाऊंनी पुस्तिका चाळली आणि म्हणाले, "कागद चांगला आहे." मजकुराबद्दल एक शब्द नाही. दसऱ्याच्या आधी नवीन मशीनबरोबर पुस्तिका गावोगाव गेल्या. त्या रविवारी घरी जाऊन मी बाबांना एक प्रत दिली. त्यांनी लाल पेन काढून शुद्धलेखन तपासलं, दोन अनुस्वार दिले आणि म्हणाले, "बी.एड.ला ही सवय कामी पडेल." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग हंगाम लागला. आणि चाचांचा फोन वाजायला लागला.

तो थांबेचना. मी शेजारच्या टेबलावरून ऐकायचे. "पट्टा सरकून राहिला? कस थोडासा." पुन्हा वाजायचा. "थोडासा, भाई, थोडासा." पान नऊ, पान नऊ, असं मला ओरडावंसं वाटायचं. भाऊ दारातून डोकावायचे, चाचांकडे पाहायचे, मग माझ्याकडे, आणि काही न बोलता जायचे. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. माझं लिखाण इतकं वाईट आहे का? वाक्यं कळत नाहीत का? मी रात्रंदिवस तीच पानं वाचत होते आणि मला तर सगळं लख्ख कळत होतं.

वरूडच्या एका बागायतदाराची मशीन अडली तेव्हा भाऊंनी चाचांना पाठवलं. मी हट्टानं सोबत गेले. मला पाहायचं होतं की माझं कुठलं वाक्य अडतंय. पिकअपमध्ये चाचा खिडकीशी, मी त्यांच्या आणि ड्रायव्हरच्या मध्ये, आणि पूर्ण रस्ताभर त्यांचा फोन.

शेडमध्ये संत्र्यांचे ढीग, पॅकिंगला बसलेल्या बाया, दारात उभा ट्रक. पट्टा एका कडेला जाऊन घासत होता आणि संत्री बाजूनं खाली पडत होती. मी बागायतदाराला विचारलं, "दादा, पुस्तिका कुठे आहे?"

"हाय नं! एकदम सांभाळून ठेवली," तो आनंदानं म्हणाला आणि त्यानं घरात हाक दिली.

त्याची बायको हात धुऊन, डोक्यावर पदर घेऊन आली. तिच्या दोन्ही हातांत लाल कापडात गुंडाळलेली माझी पुस्तिका होती. तिनं कापड उघडलं. आत पुस्तिका प्लास्टिकच्या मूळ पिशवीत, पिशवी बंदच्या बंद. वर हळदकुंकू, दोन-चार अक्षता आणि सुकलेलं झेंडूचं फूल.

"दसऱ्याले मशीनची पूजा केली," तो सांगू लागला. "मशीनसंग पुस्तकबी पूजलं. मंग देवापाशी ठेवलं. हात नाही लावला कोनी म्याडम. नवीनच्या नवीन हाय."

"अहो, ते वाचायचं असतं!"

"वाचू नं. मशीन बिघडली की वाचू."

"बिघडलीच आहे ना ती!"

"मंग मिस्त्री आले नं," तो म्हणाला. मी एवढी का चिडले हे त्याला खरंच समजत नव्हतं.

चाचा खुर्चीवर बसून चहा पीत होते. त्यांनी बशीतून एक घोट घेतला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "किताबची इज्जत तर केली, बेटा."

परतीच्या वाटेवर मला रडू येत होतं, पण त्या दोघांच्या मध्ये बसून रडायची सोय नव्हती. लोकांनी पुस्तिका फेकून दिली असती, तिच्यात वडे बांधले असते, तरी मी समजू शकले असते. इथे तर तिला नमस्कार करत होते. आता देवापाशी ठेवलेलं पुस्तक ग्रीसच्या हातानं उघडा, असं कोणाला सांगणार? नंतर फोन करकरून विचारलं, तर जवळजवळ सगळीकडे तेच. कोणी गणपतीच्या फोटोमागे ठेवलेली, कोणी लोखंडी कपाटात मुलीच्या पाटल्यांशेजारी. मला बाबांच्या स्कूटरची पुस्तिका आठवली. तीही आमच्या कपाटात अजून कुंकवासकट आहे.

पण मी हरणारी नव्हते, निदान तेव्हा नव्हते. मी भाऊंना सांगितलं की पुस्तिका देवाला राहू द्या, आपण मशीनवरच एक पत्रा ठोकू. मोठ्या अक्षरात, चित्रासह, फक्त रोजच्या अडचणी. पान नऊचा तर प्रत्येक शब्द त्यावर हवा. भाऊंनी हनुवटी खाजवली. "आयड्या चांगली हाय," ते म्हणाले. मी आठवडाभर बसून तो मजकूर बसवला. काय जीव ओतला होता त्यात!

छापून आलेला पत्रा मी उघडला आणि डोक्यात तिडीक गेली. माझा मजकूर खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. चित्रं गायब. वर अर्ध्या पत्र्यावर लाल ठसठशीत अक्षरात लिहिलेलं, "अडचण आल्यास फोन करा", आणि त्याखाली नंबर. माझा.

"भाऊ, हे काय आहे?"

"मिस्त्रीचे फोन कमी करायचे होते नं?"

"असे नाही! लोकांनी वाचावं म्हणून होता तो पत्रा!"

"वाचतीन नं, नंबर वाचतीन," भाऊ शांतपणे म्हणाले. "तू एवढी काहून तापून राहिली?"

मी तशीच बाहेर गेले आणि कारखान्याच्या फाटकाशी उन्हात उभी राहिले. राजीनामा लिहावा असं फार वाटलं. लिहिला असता तर कारखान्यातलं माझं तेवढं एक लिखाण कोणीतरी पूर्ण वाचलं असतं. पण राजीनामा म्हणजे बी.एड., आणि बाबांच्या चेहऱ्यावरचं ते समाधान. मी परत आत गेले.

पत्रे मशीनवर लागले. लोकांनी त्यांनाही हार घातले, कुंकू लावलं. माझा मजकूर कुंकवाखाली गेला. नंबर तेवढा प्रत्येकानं कापडानं पुसून स्वच्छ ठेवला.

आणि माझा फोन वाजायला लागला. जेवताना, बसमध्ये, रविवारी अमरावतीला आईच्या हातचा पहिला घास तोंडात घालताना. "म्याडम, ब्रश फिरून नाही राहिला." "म्याडम, संत्रं फुटून राहिलं." मी सुरुवातीला म्हणायचे, पुस्तिका उघडा, अमुक पान पाहा. पलीकडचे पुन्हा तीच अडचण सांगायचे. देवाचं पुस्तक उघडायला सांगणारी ही कोण, असं त्यांना वाटत असावं. मग मी पानाचं नाव घेणंच सोडलं आणि सरळ सांगायला लागले.

हंगाम संपत आला तसं भाऊंनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. भाऊंनी चाचांना विचारलं, "फोनचं काय हाल हाय?"

चाचांनी खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. "अब कहाँ आता है, भाऊ," ते म्हणाले. "सगळे म्याडमलेच पुसतात." ते हसायला गेले, पण हसू काही नीट आलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांचा राग आला नाही.

भाऊ खूश झाले. "पाहा, मी म्हटलं होतं नं? पुस्तकाचा फायदा झाला!" आणि त्यांनी मला कायम केल्याचं सांगितलं.

नाही झाला, भाऊ, एकानंही ते उघडलेलं नाही, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी गिळून टाकलं आणि आभार मानले. बाबांना फोन करायला म्हणून बाहेर आले. माझी नोकरी राहिली, बी.एड. टळलं, आता मी कायमची टेक्निकल रायटर, हे सगळं मला त्यांना ठसक्यात सांगायचं होतं. मी नंबर लावणार तेवढ्यात फोन वाजला. वरूडचा तोच बागायतदार.

"म्याडम, पट्टा सरकून राहिला."

"दादा, पुस्तिका—" मी सवयीनं म्हणाले आणि थांबले.

"ते तर देवापाशी हाय. तुमी सांगा, मी लिवून घेतो. घडीघडी तुमाले तरास नको." पलीकडे कागद शोधल्याचा आवाज आला. "हां, सांगा."

मी आत गेले, पुस्तिका काढली, पान नऊ उघडलं आणि पहिलं वाक्य वाचायला लागले.

"हळू, म्याडम," तो म्हणाला. "सगळंच्या सगळं लिवून घेऊन राहिलो."