मूर्तिजापूर सुटलं की भांडायचं

महिन्यातल्या एका रविवारी अकोल्यात डॉक्टरांची बैठक असते. नवीन काय आलं, जुनं काय सोडायचं, यावर कोणीतरी बोलतं. मी अमरावतीत बाळंतपणं करणारी, माझ्याहून ज्येष्ठ असलेले सर यकृताच्या आजारांचे डॉक्टर. आम्ही दोघं बडनेऱ्याहून गाडी धरायचो. खरं सांगायचं तर बैठकीत मी निम्मा वेळ डुलक्याच काढायची. माझं शिक्षण गाडीत व्हायचं.

सरांचा नियम होता. मूर्तिजापूर येईपर्यंत एकानं नवीन वाचलेलं सांगायचं, दुसऱ्यानं मुकाट ऐकायचं. मूर्तिजापूर सुटलं की ऐकणाऱ्यानं भांडायचं, पटलं असलं तरी. अकोल्यापर्यंत जे टिकेल तेच आपापल्या दवाखान्यात न्यायचं. "नुसती मान डोलवाले तं नंदीबैलही पुरते, बाई," सर म्हणायचे.

एकदा सांगायची पाळी माझी होती. हिपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणू आईकडून बाळाला जातो तो बहुधा बाळंतपणाच्या वेळी. म्हणून बाळ जन्मलं की लगेच लस आणि सोबत आणखी एक संरक्षक इंजेक्शन, हे आम्ही करतच होतो. नवीन इतकंच, की आईच्या रक्तात विषाणू फार असला तर तेवढ्यानं नेहमी भागत नाही; शेवटच्या तीन महिन्यांत आईलाही गोळ्या द्यायच्या. मूर्तिजापूर सुटलं आणि सर तुटून पडले.

"जन्मल्यावर सुया देताच नं तुमी? मंग पोटुशी बाईले गोळ्या काहून? लेकराले काही झालं म्हंजे?"

मी उत्तर द्यायची, की पुन्हा "काहून?" डब्यातले लोक बघायला लागले. मी रडकुंडीला आले. अकोला आलं तेव्हा सर उठले, पिशवी घेतली आणि म्हणाले, "टिकलं. द्या गोळ्या."

त्यानंतर थोड्याच महिन्यांत सर गेले. ध्यानीमनी नसताना, हृदयविकारानं.

मग एक गरोदर बाई सासूसोबत माझ्याकडे आली. रिद्धपूरच्या वाटेवर त्यांचा झेंडूचा मळा. सहावा महिना, हिपॅटायटिस बी, आणि रक्तात विषाणू भरमसाट. सासूनं तिचं ताट-पेला वेगळा काढलेला. ताट-पेल्यानं हा आजार पसरत नाही, हे सांगून झालं. पुढच्या महिन्यापासून गोळ्या, असं म्हणताच सासू कडाडली, "जन्मल्यावर सुई देताच नं तुमी? मंग पोटात लेकरू असतानी गोळ्या काहून?"

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. अख्खं भांडण मला तोंडपाठ होतं. एकेका "काहून"ला मी उत्तर देत गेले. शेवटी सासू सुनेला म्हणाली, "घे बाप्पा गोळ्या. पण लेकराले काही झालं तं या बाईले मी सोडत नाई."

मुलगी झाली. दोन्ही इंजेक्शनं लगेच दिली, पुढच्या लसी वेळेवर झाल्या. पण खरा निकाल लेकरू वर्षाचं होत आल्यावरच कळतो. ते वर्ष मी जीव मुठीत धरून काढलं. फोनवर आता डॉक्टरांचा गट आहे. रोज नवे शोधनिबंध येतात, त्याखाली अंगठे उमटतात आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. माझ्याशी कोणी भांडत नाही. अशा वेळी सरांची इतकी आठवण यायची की फोन उलटा करून ठेवायची.

मुलीच्या रक्ताचा अहवाल शनिवारी आला. विषाणू नाही. सासूनं माझ्या टेबलावर पाटीभर झेंडू ओतला आणि एका शब्दानंही भांडली नाही.

दुसऱ्या दिवशी बैठक होती. बडनेऱ्याला गाडीत बसले, शेजारची जागा रिकामी. गाडी हलली तशी मी सगळं सांगायला लागले, अगदी ताट-पेल्यापासून, तोंडातल्या तोंडात.

समोरच्या बाईंनी विचारलं, "मले म्हणून राहिल्या काय?"

"नाही," मी म्हटलं, आणि पुढचं सांगत राहिले.

मूर्तिजापूर आलं, सुटलं. मी गप्प झाले. आता बोलायची पाळी सरांची होती.