पिनेच्या जागी सळई

भालकीकडच्या कालव्याच्या कामावर मी हजेरी लिहायचो. एकदा खोदाई यंत्राची बकेट, तिला यंत्राच्या दांड्याला जोडणाऱ्या कपलरमधून निसटून आदळली. खाली माती भरणाऱ्या बाया थोडक्यात वाचल्या. सुपरवायझरनं ड्रायव्हरलाच शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी कोळारहून एक म्हातारा मेकॅनिक आला. त्याचं नाव मी विचारलं नाही. त्यानं आल्या आल्या कपलरमध्ये हात घातला, डोळे मिटून चाचपलं आणि गंजक्या सळईचा तुकडा बाहेर ओढला. लॉकच्या पिनेच्या जागी तोच ठोकला होता.

"पिन कुठं हाय?" त्यानं विचारलं.

"हरवली. नवी येईपर्यंत सळईच ठोक, काम थांबलंय," सुपरवायझर म्हणाला.

म्हाताऱ्यानं यंत्राची किल्ली खिशात टाकली. "ठोकतो की. मी बकेट वर उचलतो, तुमी खाली हुबं ऱ्हावा, सायेब."

सुपरवायझर दोन पावलं मागं सरला.

"कामून मागं सरलाव? बायांना तर रोज हुबं करायलाव!"

पिन येईपर्यंत दोन दिवस त्यानं यंत्र हलू दिलं नाही.

त्या सुपरवायझरची मला अजून चीड येते. पण ती सळई ठोकली जाताना मी पाहिलं होतं आणि गप्प राहिलो होतो, याची जास्त येते.