पुलापलीकडचं दुकान

संध्याकाळी एसटीची वाट बघत उभा राहिलो की ओढ्याच्या पुलाशी शेवंताबाई दिसतात. हातात बॅटरी, नजर पलीकडे.

गावातल्या बायकांनी मतदान करून दारूचं दुकान बंद पाडलं, तेव्हा सगळ्यांच्या पुढे याच होत्या. चिठ्ठीवर उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद. आडवी जिंकली, बायकांनी गुलाल उधळला. पुढं तेच दुकान पुलापलीकडे, शेजारच्या गावाच्या हद्दीत उघडलं. तिथं मतदान झालेलं नाही. ओढ्याचं पाणी दोन्ही काठांना एकच, पण कायदा आमच्या गावाच्या पाटीपाशीच थांबतो. माणसाची तहान कुठली थांबायला!

एकदा मी विचारलं, "पुन्हा मतदान झालं तर?"

"आडव्या बाटलीवरच शिक्का मारीन," त्या म्हणाल्या. "पण आधी आमचे मालक पिऊन दारात पडायचे, मी ओढून घरात घ्यायची. आता मधी हा पूल आलाय. त्याला कठडा नाही."

तेवढ्यात पलीकडे कुणीतरी झोकांड्या खात येताना दिसलं. बॅटरी लावून त्या पुढं गेल्या.

परतताना नवरा पुलाच्या मधून चालत होता. कडेनं त्या.