पोहायला शिकवणाऱ्या बाई

शाळेत कवायतीच्या वेळी मी नेहमी शेवटच्या रांगेत उभी राहत असे. लहानपणी हिवतापाने मला फार छळलं होतं. तो गेला, पण घरातली धास्ती गेली नाही. जिना चढताना जपून, आडाजवळ जपून, धावू नको, घाम येईल, असं ऐकतच मी मोठी झाले. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरापासून शाळा जवळ होती, तरी आई दारात उभी राहून मी वळणापलीकडे जाईपर्यंत बघत असे. मॅट्रिकच्या आधीच्या वर्षाला आले तेव्हा मी खांदे पुढे पाडून चालणारी, चार पावलं धावलं की धापा टाकणारी मुलगी झाले होते.

त्या वर्षी कवायत शिकवायला नव्या बाई आल्या. पस्तिशीच्या असतील. माहेर कृष्णाकाठचं. नवरा लवकर गेल्यावर त्या शिकल्या आणि नोकरीला लागल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला थांबवून घेतलं आणि माझ्या पाठीवर तळवा ठेवून म्हणाल्या, "घे बरं श्वास." मी घेतला. "हा वरच्यावर अडकतोय. तुला आजार नाही काही. श्वास पुरता सोडायची सवयच नाही तुला."

होटगीच्या रस्त्यावर एका शेतकऱ्याच्या मळ्यात पायऱ्यांची मोठी विहीर होती. रविवारी सकाळी त्या विहिरीत काही मुलींना पोहायला शिकवायचं बाईंनी ठरवलं. त्या वेळी गावात कुजबुज झाली, पण शाळेच्या मोठ्या बाईंनी परवानगी दिली आणि आमच्या बाई घरोघर जाऊन आईवडिलांशी बोलल्या. आमच्याकडे आल्या तेव्हा वडील लगेच हो म्हणाले. आई मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून बाहेर आली नाही.

"पाण्यात नको," एवढंच ती आतून म्हणाली.

बाईंनी वाद घातला नाही. त्या म्हणाल्या, "वहिनी, तुम्हीही चला. हिच्या कमरेला दोर बांधू. दुसरं टोक तुमच्या हातात राहील."

यावर आईला नाही म्हणता आलं नाही.

मळ्यातली बाई, म्हणजे त्या शेतकऱ्याची बायको, आम्ही जाण्याआधीच गडीमाणसांना लांबच्या वावरात पाठवून द्यायची आणि स्वतः वाटेवर बसून राहायची. पहिल्या दिवशी मी काठावर कुडकुडत उभी होते, तेव्हा ती म्हणाली, "पानी गार न्हाय. तुमी उतरा की." जुन्या लुगड्याचा काचा मारून, पाठीला वाळका भोपळा आणि कमरेला आईच्या हातातला दोर बांधून मी उतरले. बाईंनी आधी पोहायला लावलंच नाही. गळ्याइतक्या पाण्यात पायरीवर बसवून पाण्यात तोंड घालायला सांगितलं आणि म्हणाल्या, "फुंक मार. चुलीत मारतेस तशी. सगळी हवा संपेपर्यंत." नाकातोंडात पाणी गेलं, खोकला आला, पुन्हा तेच. दोनतीन रविवार आम्ही फक्त फुंका मारल्या. बाकीच्या मुली हसायच्या, बाई हसायच्या नाहीत.

मग हातपाय मारणं सुरू झालं. दुसऱ्या मुली बघता बघता भोपळ्यावर तरंगू लागल्या. मी मात्र पायरीपासून थोडी पुढे गेले की थांबत असे. कंबर मागे खेचली जायची, पाय खाली जायचे आणि मी घाबरून उलटी फिरायची. बाई पाण्यात माझ्यासमोर तरंगत राहून बोलवायच्या, तरी तेच. एकदा त्या चिडल्यासुद्धा. "मनच नाही तुझं," म्हणाल्या. मला रडू आलं, कारण मन होतं.

पुढच्या रविवारी बाई पाण्यात उतरल्याच नाहीत. वरच्या पायरीवर बसून बघत राहिल्या. मी पुढे गेले, अडकले, परतले. पुन्हा गेले, पुन्हा अडकले. मग त्यांनी मला बाहेर बोलावलं आणि त्या आईशेजारी जाऊन बसल्या.

"वहिनी, हात दाखवा."

आईने मूठ उघडली. तळव्यावर काथ्याचे लाल वळ उठले होते. ती स्वतःच्याच हाताकडे नवल करत बघत राहिली.

"मी ओढत होते?"

"हो. ती थोडी पुढे गेली की ओढता. तुमच्या लक्षात येत नाही, आणि माझ्याही इतके दिवस आलं नाही. मी उगाच पोरीवर रागावले."

आईने मूठ पुन्हा मिटली. मग विहिरीकडे न बघता बोलू लागली. तिचं माहेर मैंदर्गीचं. थोरला भाऊ चांगला पोहायचा. एका दुपारी त्याच्यामागे हट्ट करून ती विहिरीवर गेली. "बघ हं," म्हणून त्याने उडी मारली आणि तो वर आलाच नाही. ती काठावर उभी राहून हाका मारत राहिली, मग रस्त्याकडे पळाली. माणसं आली तोवर उशीर झाला होता. माझा एक मामा लहान वयात गेला, एवढंच मला माहीत होतं. कसा गेला ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"दोर असता तर," आई म्हणाली.

"दोर असता तरी तुम्ही केवढ्या होता?" बाईंनी विचारलं. "परकर नेसणारी पोर. त्याच्या वजनाने तुम्हीच आत गेला असता. तुम्ही पळालात, माणसं आणलीत. त्याहून जास्त मीही केलं नसतं, आणि मला तर पोहता येतं."

आईने पदर डोळ्यांना लावला. बाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुम्ही नुसत्या पायरीपर्यंत उतरा. पाणी कसं उचलतं ते अंगाला कळल्याशिवाय तुमचा हात सैल पडायचा नाही."

"या वयात?"

"वय पाण्याला कुठं कळतं?"

त्या दिवशी आई उतरली नाही. परतताना टांग्यात तिने दोर गुंडाळून पायाशी ठेवला. मला वाटलं, आता आपलं येणं संपलं. पण पुढच्या रविवारी निघताना तिच्या हातातलं गाठोडं जरा फुगलेलं दिसलं. आत तिचं जुनं लुगडं होतं. 

बाईंनी तिला माझ्यासारखंच पायरीवर बसवलं आणि फुंक मारायला सांगितली. आईने डोळे घट्ट मिटून पाण्यात तोंड घातलं. वर आली तेव्हा ठसका लागला होता, केस कपाळाला चिकटले होते, आणि ती हसत होती. आईला असं मोठ्याने हसताना मी क्वचितच पाहिलं होतं. काठावर बसलेली मळ्यातली बाईही हसायला लागली.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

आई पुन्हा वाकली.

त्या सकाळी आई ओल्या अंगाने पायरीवर बसली आणि तिने माझा दोर धरला. मी पाण्यात शिरले. पाय मारले, फुंक सोडली, श्वास घेतला. कमरेला ओढ लागेल म्हणून मी वाट बघत होते, ती लागली नाही. हिरवं पाणी पुढे सरकत गेलं आणि एकाएकी माझा हात समोरच्या भिंतीच्या थंड दगडाला लागला. मी दगडाला धरून वळून पाहिलं. दोर आईच्या मांडीवर सैल पडला होता. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर घाबरल्याची खूण नव्हती.

"आता ये," बाई म्हणाल्या. त्यापेक्षा जास्त कौतुक त्यांनी कधी कुणाचं केलं नाही.

पुढे भोपळा सुटला, दोरही सुटला. कवायतीत मी पुढच्या रांगेत आले. छाती भरून श्वास घ्यायची सवय लागली ती कायमची. बाळंतपणात आणि नंतरच्या आजारपणांत ती माझ्या उपयोगी पडली. पण बाईंचं खरं देणं मला दुसरंच वाटतं. जोर लावायला सांगणारे पुष्कळ भेटतात. बाई मात्र पाण्याबाहेर बसून, मी कुठे अडते आहे ते शोधत राहिल्या. त्यांना ते दिसलं नसतं तर मी भित्री आहे असंच मी जन्मभर मानलं असतं, आणि आईनेही.

दोन वर्षांनी बाई दुसऱ्या गावी गेल्या. तोवर आई भोपळा बांधून विहिरीत इकडून तिकडे जाऊ लागली होती. बाईंबरोबरच्या शेवटच्या रविवारी मळ्यातल्या बाईने आम्हाला ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी दिली. घराबाहेर सहसा पाणीही न घेणारी आई मळ्याच्या बांधावर बसून पोटभर जेवली. परतताना टांगा नेहमीसारखा हिंदकळत होता. आईचे केस ओलेच होते. गाव यायच्या आतच ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपली.