डब्यातली संत्राबर्फी

मी आजवर इतकं बोललोय की माझ्या तोंडून निघालेले शब्द ओळीनं मांडले तर भोपाळच्या मोठ्या तलावाला दोन वेढे बसतील. पण ही एक गोष्ट त्यात नाही. शुभाला, म्हणजे माझ्या बायकोला, माझे खोटे दातसुद्धा माहीत आहेत – ही गोष्ट नाही. तुम्हांला का सांगतोय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हेच कारण असेल.

थांबा, एकदम नको. आधी थोडं इकडचं तिकडचं सांगतो. ती माझी सवयच आहे.

पुण्याहून भोपाळला बदली होऊन आलो तेव्हा मला वाटलं होतं, मध्य प्रदेश म्हणजे सपाट. इथं तर सारखे चढउतार! पिपलानीच्या क्वार्टरमधून दूध आणायला निघालो तरी आपण हिमालय चढतोय असं वाटायचं. ऊन असं, की स्कूटरच्या सीटवर पापड ठेवला असता तर मी परत येईपर्यंत भाजून झाला असता. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता मला तो पापड दिसतोसुद्धा. सामान लावायच्या आधीच शुभा रडायला बसली होती. आणि तेव्हा शेजारच्या दारातून मालतीकाकू आल्या, हातात पिठलं-भाकरी घेऊन.

काकू मूळच्या नागपूरच्या. काकांच्या नोकरीपायी तीस वर्षांपूर्वी इथे आलेल्या. आम्ही आलो तेव्हा काका जाऊन वर्ष झालं होतं, मुलगी रेवा हैदराबादला. पहिले आठ दिवस आमचा स्वयंपाक त्यांच्याकडे. डोक्याला ओला पंचा बांधून बाहेर पडायचं, चढ दिसला की आधीच गिअर बदलायचा, गोडा मसाला कोणाकडून मागवायचा – हे शहर मला काकूंनी शिकवलं. मी त्यांना गप्पा पुरवायचो. साहेबाला कसं गप्प केलं, बिबट्या स्कूटरला कसा आडवा आला. त्या गालावर हात ठेवून ऐकायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "मध्या, काहून इतकं फेकून राहिला रे बाप्पा? ऐकणाऱ्याच्या जिवाला काही आहे की नाही?"

माझ्या आईनंतर मला मध्या म्हणणारं दुसरं माणूस नव्हतं.

आमच्या कॉलनीत मराठी घरांची एक रीत होती. कुणी महाराष्ट्रात निघालं की त्याची बॅग निम्मी आपली, निम्मी कॉलनीची. जाताना लोणची, पिशव्या, निरोप. येताना भाजणी, दिवाळी अंक. याला नाही म्हणायचं नसतं. मी चुलतभावाच्या लग्नाला नागपूरला निघालो, तेव्हा काकू एक स्टीलचा डबा आणि एक बंद पाकीट घेऊन आल्या.

डबा आणि पाकिटातलं पत्र अक्कांना द्यायचं होतं – काकूंच्या मोठ्या बहिणीला. अकरा वर्षं दोघींत बोलणं नव्हतं. त्यांची आई गेली तेव्हा काका इथे दवाखान्यात होते. काकू तिसऱ्या दिवशी पोचल्या. तेराव्याला सगळ्यांच्या देखत अक्का म्हणाल्या, या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस. त्यानंतर फोन उचलला नाही. आता काकूंनी त्यांची आई करायची तसे अनारसे केले होते. तीन दिवस तांदूळ भिजवून, कांडून, गुळात मुरवून. एकवीस. डबा माझ्या हातात देताना म्हणाल्या, "तू बोलका आहेस. दारात उभं नाही करणार ती तुला."

समजतंय ना, काय दिलं होतं त्यांनी माझ्या हातात?

गाडी दिवसाची होती. डब्यात चार माणसं ओळखीची झाली – माझी होतातच. इटारसी सुटल्यावर कुणीतरी समोसे काढले, कुणी शेव. आणि मी रिकाम्या हातानं खाणार? मी म्हणालो, अनारसे खाल्लेत कधी? आमच्या घराण्यात राजवाड्याला पुरवायचे! असा कुठला वाडा, असा कुठला राजा? पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि लोक माझ्याकडे बघायला लागले की माझं मला काही कळत नाही. मी डबा उघडला. एकेकच, म्हटलं. बैतूलला बारा उरले. पांढुर्णा गेलं तेव्हा दोन, त्यातला एक तुटका.

दोन अनारसे घेऊन त्या दारात कसा जाणार? नुसतं पत्र घेऊन गेलो असतो तर? जाऊ शकलो असतो. तीन दिवस नागपुरात होतो. अक्कांचं घर लग्नाच्या हॉलपासून चालत वीस मिनिटांवर. मी नाचलो, पंगतीत आग्रह केला, बँडवाल्याचा ढोल स्वतः वाजवला. परत निघताना स्टेशनवर ते पाकीट खिशातून काढलं. फोडलं नाही. चार तुकडे करून कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

हे वाक्य लिहायला मला चौदा वर्षं लागली.

खोटं तयार होतं, छोटंसं: अक्कांच्या दाराला कुलूप होतं, शेजारी दिलं. त्यानं कुणाचं काही बिघडलं नसतं. पण घरासाठी घेतलेल्या संत्राबर्फीचा पुठ्ठ्याचा खोका बॅगेत फाटला होता आणि उरलेले दोन अनारसे खाऊन रिकाम्या झालेल्या काकूंच्या डब्यात मी ती बर्फी भरून टाकली होती. मनात काही नव्हतं. डबा होता, भरली.

काकू ओट्यावरच बसल्या होत्या. मी रिक्षातून उतरतोय तोवर त्यांनी बॅगेतून डबा ओढून काढलासुद्धा. हातात वजन लागलं आणि त्या थबकल्या. झाकण उघडलं.

आपल्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. चिमूटभर साखर तरी घालतात. ते तुम्हांला सांगायला नको. मी मात्र त्या क्षणी विसरलो होतो.

"मध्या," काकू म्हणाल्या, "अक्कानं डबा रिकामा नाही पाठवला रे."

किती वेळ असेल माझ्याकडे? तुम्ही मोजलं असतं तर तीन सेकंद. तीन सेकंदांत माणूस 'नाही, ही माझी आहे' एवढं म्हणू शकतो. मी म्हणालो, "पाठवतील कशा रिकामा? आधी रडल्या, मग भरला."

आणि मग मी सुटलो. अक्कांनी कसं हाताला धरून आत नेलं. अनारसा तोंडात घातला आणि म्हणाल्या, आईचा हात आहे. गॅलरीत पोपट आहे – हिरवा, म्हातारा – तो येणाऱ्याला 'या बसा' म्हणतो. पोपट कुठून आला मला ठाऊक नाही. गोष्ट भरात आली की असं काहीतरी येतं. कॉलनीतल्या बायका गोळा झाल्या. कुणीतरी डोळे पुसले. काकू बर्फी वाटत होत्या, प्रत्येकीला म्हणत होत्या, "बहिणीकडून आलीय." मला मिळाली तेव्हा मीसुद्धा खाल्ली.

रात्री जेवताना शुभानं विचारलं, "खरंच गेला होतास?" मी चिडलो. म्हणालो, तुला माझं काहीच खरं वाटत नाही.

त्यानंतर काकूंनी तीन पत्रं टाकली. उत्तर नाही. रोज संध्याकाळी कुंपणाशी यायच्या – काही बोलली का रे ती, पत्राचं? आता सांगावं, असं मला रोज वाटायचं. रोज! कामावरून येताना शेवटच्या चढावर वाक्य जुळवायचो आणि फाटकाशी पोचेपर्यंत ते विरून जायचं. एक दिवस त्यांचा चेहरा फारच उतरलेला होता, तेव्हा म्हणून गेलो, "अहो, त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय ना! मोतीबिंदू. लिहिणार कशा?"

मला वाटलं, आता काही महिने निघतील.

काकू आत गेल्या आणि बॅग भरायला लागल्या. "एकटी आहे रे ती. डोळ्यांत थेंब कोण घालणार?"

तिकीट मीच काढून दिलं. स्टेशनवरही मीच सोडलं. पुन्हा एकवीस अनारसे, आणि अक्कांसाठी घेतलेला काळा चष्मा. तो दुकानात त्यांनी स्वतः घालून बघितला होता आणि हसल्या होत्या – "हिरॉइन दिसून राहिली का रे मी?" त्यांना खिडकीशी बसवलं, बॅग वर टाकली आणि फलाटावर उतरलो. गाडी सुटायला दहा मिनिटं होती. म्हणालो, "काकू –"

"काय रे?"

तोंडात आलं होतं. खरंच आलं होतं. उतरा, म्हणायचं होतं. तिथे तुमची कुणी वाट बघत नाहीये.

"पाण्याची बाटली घेतली ना?"

"घेतली रे बाबा. मूर्ख." गाडी हलली. मी हात हलवत चार पावलं पळलोसुद्धा.

त्या आठ दिवसांसाठी गेल्या होत्या, दुसऱ्या दिवशी परत आल्या. मी खिडकीच्या पडद्याआडून बघत होतो. रिक्षातून उतरल्या, बॅग स्वतः उचलली, कुलूप उघडून आत गेल्या. मी वाट बघत होतो – आता येतील, आता दार वाजेल, आता अख्ख्या कॉलनीसमोर माझी सालटी निघतील. संध्याकाळी ओट्यावर बायका जमल्याचा आवाज आला. शुभानं मला ओढत बाहेर नेलं.

काकू सांगत होत्या. अक्का किती रडली. तिला दिल्लीला मुलाकडे निघायचं होतं म्हणून लवकर परतले, नाहीतर सोडतच नव्हती. चष्मा तिला किती शोभला. "आणि तो पोपट, बाप्पा! मी दारात पाय टाकला, तर म्हणतो कसा, या बसा!"

सगळ्या हसल्या. काकूंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मी काहीतरी बोललो असतो.

"माधवरावांनी सांगितलं होतं, अगदी तसंच," त्या म्हणाल्या. "बसा ना माधवराव, चहा घ्या."

माधवराव. त्या दिवसापासून पुढची बारा वर्षं मी माधवराव होतो. अहो, या, घ्या. सणाला ताट यायचं, शुभाच्या आजारपणात त्या रात्र रात्र बसल्या. पण मी कुठेही निघालो तरी माझ्या हाती त्यांनी कधी चिटोरंसुद्धा दिलं नाही. मीही कधी विचारलं नाही. काय विचारणार होतो?

पुढे आम्ही भोपाळातच कोलार रोडला फ्लॅट घेतला. गेल्याच्या गेल्या वर्षी थंडीत काकू गेल्या. रेवा आली. दिवस झाल्यावर ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, मावशीला कळवायला हवं. मी तिला लहानपणानंतर पाहिलंही नाही. आमच्या सगळ्यांत तुम्हीच तिला ओळखता. फोनवर नको, जाऊन सांगाल?"

काय म्हणणार? गेलो.

लग्नाच्या हॉलपासून वीस मिनिटं, दुसरा मजला. पहिल्यांदाच जिना चढत होतो. दार उघडणाऱ्या बाई काकूंच्याच चणीच्या, ऐंशीच्या पुढच्या, ताठ. मी सांगितलं, भोपाळहून आलोय, मालतीकाकूंचा शेजारी. आणि बातमी सांगितली. त्यांनी दाराची चौकट धरली, मग मला आत बसवलं, पाणी दिलं.

"एकदा आली होती," त्या म्हणाल्या. "म्हणाली, अक्का, तू बर्फी पाठवलीस म्हणून धीर झाला. मी म्हटलं, कसली बर्फी? म्हणे, तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं ना! चांगले धडधाकट डोळे माझे. मला वाटलं, आईच्या वेळेस आली नाही आणि आता नाटकं करून राहिली. मी तिला खोटारडी म्हणाले. दारातच. आत नाही घेतलं."

मी ग्लास हातात धरून बसलो होतो.

"तुला कोणी सांगितलं हे, म्हणून विचारलं तिला. तीनतीनदा विचारलं. नाव नाही सांगितलं. मान खाली घालून निघून गेली." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "इतकी वर्षं हेच डोक्यात आहे. लहानपणी कधी खोटं बोलली नाही ती. असं काहून बोलली असेल? तुम्ही शेजारी होता. तुम्हांला काही ठाऊक?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. दुपार होती. मला कसलीच घाई नव्हती.

मी म्हणालो, "नाही हो. मला काही कल्पना नाही."

अक्का अजून आहेत. भोपाळहून नागपूरला रोज गाडी सुटते. मी गेलेलो नाही.